विजेच्या गाडीचा धूर

नागपूरच्या रस्त्यावर धावणाऱ्या या मोटारीला धूर सोडणारी नळी नाही. विजेवरच्या टॅक्सींचा देशातील सुरुवातीचा एक मोठा प्रयोग 2017 मध्ये याच शहरात झाला. मात्र या गाडीचा धूर पाहायचा, तर शहराच्या उत्तरेला कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राकडे जावे लागते.

रेल्वेच्या वाघिणींतून उतरलेला हा कोळसा सरकत्या पट्ट्यांवरून गिरण्यांकडे निघाला आहे. तेथे त्याची पिठासारखी बारीक भुकटी होते, गरम हवेच्या झोताबरोबर ती बॉयलरमध्ये फेकली जाते आणि तिच्या ज्वाळांनी तयार झालेली प्रचंड दाबाची वाफ टर्बाइन फिरवते. येथील 660 मेगावॅटचे तीन वीजनिर्मिती संच जुन्या 210 मेगावॅटच्या संचांपेक्षा कमी कोळशात तेवढीच वीज देतात. रुंद मनोऱ्यांतून वर जाणारे पांढरे लोट पाण्याच्या वाफेचे आहेत. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तो शेजारच्या उंच चिमणीतून, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. कोळशावरच्या विजेच्या एका युनिटमागे तो साधारण एक किलो असतो. मागे उरणाऱ्या राखेचा त्रास आसपासच्या गावांना होतो, तो वेगळाच.

आता हिशेब मांडू. लहान विद्युत मोटारीला शंभर किलोमीटरसाठी सुमारे 15 युनिट लागतात, असे धरले, तर केवळ कोळशाच्या विजेवर 15 किलो कार्बन डायऑक्साइड तिच्या नावावर चढतो. लिटरमागे 18 किलोमीटर धावणारी पेट्रोल मोटार तेवढ्याच अंतरात 13 किलोच्या आसपास सोडते. अर्थात चार्जरमध्ये येणारी वीज एकट्या कोराडीची नसते; ग्रिडमध्ये, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यात, जलविद्युत, अणुऊर्जा, वारा आणि सूर्य यांचीही वीज मिसळते. देशाची सरासरी युनिटमागे सुमारे 0.7 किलो असल्याने गाडीचा आकडा साडेदहा किलोपर्यंत उतरतो. बॅटरी बनवताना आणि पेट्रोल शुद्ध करताना होणारे उत्सर्जन यात धरलेले नाही.

गच्चीवरच्या या सौर पॅनेलखाली उभी असलेली गाडी दुपारी चार्ज होत आहे. ही वीज तयार होताना काहीच जळत नाही. हीच गाडी रात्री घरी चार्जिंगला लावली, तर सौर वीज थांबलेली असते आणि ग्रिडचा बराचसा भार पुन्हा कोळशाच्या संचांवर असतो. म्हणूनच चार्जरची पहिली गरज कार्यालये, महाविद्यालये आणि बाजारपेठांच्या वाहनतळांवर आहे, कारण नागपूरच्या गाड्या भर उन्हात तासन्‌तास तेथेच उभ्या असतात.