घोडा बोलायला उभा राहतो

[काळा पडदा. शवपेटीची कड, अगदी जवळून.]

आई गेली आहे. काळा सूट घातलेला एक घोडा तिच्या शवपेटीशेजारी उभा राहून बोलतोय. साधारण वीस मिनिटं दुसऱ्या कुणाचाही आवाज येणार नाही.

सुरुवात तो चुरोपासून करतो. चुरो म्हणजे तळून साखरेत घोळवलेला लांबट गोड पदार्थ. काउंटरवरच्या मुलीने सहज विचारपूस केली, याने सांगितलं, आई वारली. ती रडायलाच लागली आणि निघताना तिने त्याला एक चुरो फुकट दिला. आईने जन्मभरात दाखवली नाही एवढी माया, असं तो म्हणतो.

[कथानायकाची रेखाचित्रं.]

हा बोजॅक हॉर्समन, त्याच्याच नावाच्या अमेरिकन अ‍ॅनिमेटेड मालिकेचा नायक. नव्वदच्या दशकात टीव्हीवर तीन अनाथ मुलांना सांभाळणारा लाडका घोडा, आता दारूत बुडालेला नट. मालिका नेटफ्लिक्सवर 2014 ते 2020, सहा सीझन. लेखक राफेल बॉब-वॅक्सबर्ग आणि चित्रकार लिसा हॅनावॉल्ट हे कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोचे शाळासोबती. माणसाच्या धडावर प्राण्याचं डोकं अशी चित्रं लिसा आधीपासूनच काढायची. त्यांतूनच हे जग उभं राहिलं.

या जगात मांजर कितीही उंचावरून पडली तरी पायांवरच उतरते, लॅब्राडोर दुःख फार वेळ धरून ठेवत नाही. आपण हसतो. चिऊ-काऊच्या गोष्टींवर वाढलेली माणसं आपण, प्राणी बोलायला लागले की सैलावतो. बोजॅकला माणसाचा चेहरा असता, तर पहिल्याच भागात त्याला नालायक ठरवून मोकळे झालो असतो. घोडा म्हणून ऐकत राहतो, आणि ऐकता ऐकता त्याचं घर ओळखीचं वाटायला लागतं. मला तरी वाटलं.

[पुन्हा शवपेटी.]

हा भाग 2018 सालचा, पाचव्या सीझनमधला. बोजॅकचा आवाज नट विल आर्नेटचा. दवाखान्यात आईचे अखेरचे शब्द होते, ‘आय सी यू’. मी तुला पाहतेय. आयुष्यात एकदा तरी तिने आपल्याला पाहिलं, या विचाराला बोजॅक कितीतरी वेळ चिकटून राहतो. मग बोलता बोलताच त्याच्या लक्षात येतं, की ती कदाचित नुसती पाटी वाचत असेल. आयसीयू.

[शांतता.]

अखेरीस तो शवपेटीचं झाकण उघडतो. आत पाहतो. वळून समोरच्या लोकांना विचारतो, हा बी हॉलच ना?

समोर सगळ्या पाली बसल्या आहेत.