परदेशात रोज एकाच खानावळीत का जेवावं

मंडळी, आज मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. प्रवासात एखादी खानावळ आवडली, की दुसऱ्या दिवशीही तिथंच जावं, आणि तिसऱ्या दिवशीही. हे म्हटलं की बरोबरचे लोक अंगावर येतात, "एवढ्या लांब येऊन परत तिथंच?" प्रत्येकाकडे यादी असते. एका ठिकाणी एक पदार्थ चाखायचा, फोटो काढायचा आणि पुढे निघायचं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. का, ते सांगण्यासाठी तुम्हाला मेक्सिकोतल्या वाहाका शहरात नेतो.

तिथं बाजाराजवळच्या एका गल्लीत माझी आवडती फोंदा आहे. फोंदा म्हणजे घरगुती, छोटी खानावळ. दुपारचं जेवण ठरलेलं असतं. आधी सूप, मग भात, मग त्या दिवशीचा मुख्य पदार्थ. प्यायला अंबाडीच्या लाल बोंडांचं गार, आंबटगोड पाणी. (ही अंबाडी मूळची आफ्रिकेतली. तिचा प्रवास हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आयोजकांनी बोलावलं तर तेही देईन!) आणि फडक्यात गुंडाळलेल्या गरम तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या.

पहिल्या दिवशी मी जेवलो, छान वाटलं, संपलं. पुढच्या खेपेला स्वयंपाकघराच्या दाराशी जागा मिळाली. तिथून मातीचा कोमाल दिसत होता, म्हणजे तोर्तिया भाजायचा सपाट तवा. मी टक लावून बघत होतो, ते बाईंच्या लक्षात आलं. त्यानंतर गेलो तेव्हा त्यांनी हाताला धरून आत नेलं आणि एक मोठं पातेलं दाखवलं. त्यात मका भिजत होता, चुन्याच्या पाण्यात.

यालाच निक्स्तामाल म्हणतात. वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात उकळतात आणि रात्रभर तसाच ठेवतात. सकाळी चोळून धुतला की टरफलं निघून जातात. मग तो ओला दळतात. चुन्यामुळे ते पीठ एकजीव होतं, तोर्तिया थापता येते. नुसत्या मक्याच्या कोरड्या पिठाला तसा चिकटपणा येत नाही. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेलं असतं, ते चुन्यामुळे मोकळं होऊन अंगी लागतं.

आता नीट ऐका, कारण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट इथं आहे. मका युरोपात गेला, ही रीत मात्र गेली नाही. उत्तर इटलीत मक्यावरच गुजराण करणारे गरीब लोक पेलाग्रानं, म्हणजे नायसिन न मिळाल्यानं होणाऱ्या रोगानं, आजारी पडले. कातडी सोलवटायची, जुलाब व्हायचे, शेवटी बुद्धिभ्रम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेतही तेच झालं. नायसिनचा उलगडा झाला १९३७ साली. वाहाकाच्या खोऱ्यात तर गिला नाकित्स गुहेत सापडलेली मक्याची कणसं सुमारे ६,२०० वर्षांपूर्वीची आहेत. जिथं मका इतका जुना, तिथल्या बायकांनी तो कसा खायचा हे शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी ठरवून ठेवलं होतं. हे मला एका पातेल्यापाशी उभं राहून कळलं, आणि त्या पातेल्यापर्यंत मला पहिल्याच दिवशी कोणी नेलं नसतं.

चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरली म्हणे. मुख्य मुद्दा तर अजून राहिलाच आहे!

तर, खानावळ एकच असली तरी जेवण एक नसतं. फोंदेत मुख्य पदार्थ रोज बदलतो. एके दिवशी पिवळा मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचा दाटसर रस्सा असतो, त्या मक्याच्याच ओल्या पिठानं दाट केलेला. दुसऱ्या दिवशी हिरवा, ओहा सांता नावाच्या पानाच्या बडीशेपेसारख्या वासाचा. वाहाकात मोले सात प्रकारचे सांगतात. सात हॉटेलं फिरून प्रत्येक ठिकाणी तुम्ही काळा मोलेच मागवाल, कारण यादीत तोच असतो.

दुसरं, वावर कळतो. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, कारण पाहुण्याला उठवणं असभ्य. आपण त्याला दिरंगाई समजून चिडतो. उठून जाणारा माणूस शेजारच्या अनोळखी टेबलालाही "प्रोवेचो" म्हणतो, म्हणजे जेवण अंगी लागो. पहिल्या दिवशी हे ऐकूही येत नाही, चौथ्या दिवशी आपणच म्हणतो.

एक मात्र लक्षात ठेवा, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान जा. तिथलं मोठं जेवण तेव्हाचं असतं, आणि संध्याकाळी पुष्कळ फोंदा बंद असतात. आता प्रश्न विचारा, चिठ्ठी पाठवणाऱ्यांनी आधी.