काणाडोळा आणि 39 नंबरचा सिग्नल

नमस्कार मंडळी. माझी आजी लाडवांचा डबा फडताळात अगदी वरच्या फळीवर ठेवायची. दुपारी आम्ही स्टूल ओढलं की तिला आवाज जायचाच, पण ती कूस बदलून पडून राहायची आणि संध्याकाळी डबा हलका लागला की म्हणायची, "काणाडोळा केला म्हणून, नाहीतर...". ते नाहीतर पुढे कधी सरकलंच नाही.

इंग्लिशमध्ये याला म्हणतात टर्न अ ब्लाइंड आय. आता काणा म्हणजे एका डोळ्याने आंधळा, आणि गंमत बघा, इंग्रज या वाक्प्रचाराची जी गोष्ट सांगतात तिचा हिरोही नेमका काणाच आहे. होरेशियो नेल्सन, ब्रिटिश आरमाराचा गाजलेला सेनानी. 1794 साली कॉर्सिका बेटावर काल्व्हीच्या वेढ्यात तोफगोळा जवळ पडला, वाळू-खडे उडाले आणि उजव्या डोळ्याची नजर गेली. सिनेमावाले त्याला काळी पट्टी बांधतात ना, ती खोटी. डोळा दिसायला बराचसा धड होता आणि पट्टी त्याने कधी बांधलीच नाही. हात मात्र खरंच गेला, 1797 ला टेनेरीफ या स्पॅनिश बेटावर, तोही उजवाच.

तर 2 एप्रिल 1801, कोपनहेगन. ब्रिटनचं फ्रान्सशी युद्ध चालू, डेन्मार्क रशिया-स्वीडनबरोबर तटस्थांच्या गटात, म्हणजे ब्रिटनने आमची व्यापारी जहाजं अडवू नयेत म्हणणाऱ्यांत गेलेला, म्हणून ब्रिटिश आरमार तिकडे धडकलेलं. मुख्य अ‍ॅडमिरल सर हाइड पार्कर, जरा जपून चालणारा गृहस्थ, तो मोठी जहाजं घेऊन लांब थांबला, आणि उथळ पाण्यातून आत गेला नेल्सन, एलिफंट नावाच्या जहाजावरून. सुरुवातच वाईट झाली, तीन जहाजं वाळूत रुतली, डॅनिश तोफा काही थांबेनात, आणि लांबून हे सगळं बघून पार्करने निशाण चढवलं, सिग्नल नंबर 39, म्हणजे लढाई थांबवा.

नेल्सन शेजारच्या कॅप्टन फोलीला म्हणाला, मला एकच डोळा आहे, कधीमधी आंधळं असायचा हक्क आहे मला. आणि दुर्बीण त्या गेलेल्या डोळ्याला लावून, मला खरंच सिग्नल दिसत नाहीये! आणि स्वतःचं, अजून जवळ जाऊन लढा हे निशाण तसंच फडकत ठेवलं.

आता यात दोन-तीन गोष्टी आहेत. एक म्हणजे टर्न अ ब्लाइंड आय हे शब्द त्याच्या त्या वाक्यात नाहीतच. दुर्बिणीचा किस्साही लोकांपर्यंत पोचला तो 1809 च्या चरित्रातून, तेव्हा नेल्सनला जाऊन चार वर्षं झाली होती, म्हणजे मीठमसाला थोडा लागला असणारच. आणि पार्करने तो सिग्नल नेल्सनवर सोडून दिला होता, हवं तर माघार घे, असंही काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटतं, पण मग गोष्टीतली मजा जाते म्हणून कोणी सांगत नाही.

आणि एक माणूस कायम राहून जातो. कॅप्टन रियू. त्याच्या फ्रिगेटी, म्हणजे छोट्या युद्धनौका, पार्करला जवळ होत्या, त्याला सिग्नल दिसला आणि त्याने तो पाळला. नेल्सन काय म्हणेल आपल्याला, असं म्हणत जहाज वळवलं आणि गोळा लागून जागेवर गेला. हुकूम पाळणारा मेला, न पाळणारा पुढच्याच महिन्यात पार्करच्या जागी कमांडर झाला!

मराठीत डोळेझाक पण आहे, पण माझ्या मते ती वेगळी. डोळेझाकीत दोन्ही डोळे बंद, बघायचंच नाही. काणाडोळ्यात एक डोळा टक्क उघडा असतो, त्याला सगळं दिसलेलं असतं, म्हणून तर दुर्बीण कुठल्या डोळ्याला लावायची ते कळतं. आजीला लाडू किती गेले ते माहीत असायचं हो.

हा फरक चक्क कोर्टातही गेलाय. स्टार सी नावाच्या जहाजाला 1990 मध्ये आग लागली, विमावाले म्हणाले मालकांनी जहाज धड नाही हे माहीत असून पाठवलं, पैसे देणार नाही. केस लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेली आणि 2001 साली, म्हणजे कोपनहेगनला बरोबर 200 वर्षं होत असताना, लॉर्ड स्कॉट यांनी निकालात नेल्सनची दुर्बीण काढली. त्यांचं म्हणणं, निष्काळजीपणा म्हणजे काणाडोळा नाही, मनात शंका यायला हवी आणि खरं कळू नये म्हणून मुद्दाम बघायचं टाळायला हवं. मालकांचं तसं काही सिद्ध झालं नाही, आणि विमावाल्यांना पैसे द्यावे लागले. आणि हो, त्या भांडणातलं विमा कायद्याचं कलम कितवं होतं माहितीये? 39.