बार्शी लाईटची सोडलेली वाट

(दृश्य: पहाट. येडशीजवळ महामार्गाच्या कडेला सामान लादलेल्या सायकली.)

राष्ट्रीय महामार्ग ५२, सोलापूर ते धुळे. चौपदरी, गुळगुळीत आणि सायकलवाल्याच्या जिवावर उठलेला. उसाच्या ट्रॉल्या उलट्या दिशेने येतात, ट्रॅव्हल्सची बस शेजारून गेली की हँडल आपोआप हलतं. सायकलला पिशव्या बांधून लांब पल्ल्याला निघालेल्या माणसाला मराठवाड्यात रस्त्यांची वाण नाही. निवांत रस्ता मिळत नाही, ही खरी रड. म्हणून येडशीला आपण महामार्ग सोडतो आणि रामलिंगची वाट धरतो.

(दृश्य: बालाघाटची धार. खाली दरी.)

मराठवाडा म्हटलं की सपाट, उजाड रान आणि पाण्याचा टँकर, एवढंच चित्र पुण्या-मुंबईच्या डोक्यात असतं. त्यांनी इथे यावं. बालाघाटचं पठार इथे एकदम तुटतं. कडेला काळा कातळ, उतारावर काटेरी झाडोरा, आणि तळाला ओढ्याकाठी रामलिंगाचं देऊळ. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाशी झुंजून जटायू इथेच पडला आणि रामाने बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढलं, अशी इथली कथा. श्रावणात पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते आणि धबधबा भरात असतो. जानेवारीत येणाऱ्याला गर्दी लागत नाही, धबधबाही मिळत नाही. माकडं मात्र बारमाही. पिशवीची चेन अर्धी उघडी राहिली की शेंगदाण्याची चिक्की गेलीच म्हणून समजा.

हे सगळं येडशी रामलिंगघाट अभयारण्य. १९९७ साली घोषित झालेलं, जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं.

(दृश्य: झाडीतून वळत जाणारा जुना भराव.)

आता या झाडीकडे नीट बघा. डोंगराच्या अंगाने, एकाच पातळीत, एक पट्टा वळत वळत जातो. पायवाट अशी जात नाही, ओढा तर नाहीच. हा बार्शी लाईट या जुन्या छोट्या रेल्वेचा मार्ग.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही रेल्वे उभी केली. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी असा पहिला टप्पा सुरू झाला. दोन रुळांतलं अंतर फक्त अडीच फूट. कॅलथ्रॉपचं डोकं असं, की गाडीच्या कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, मग ते इंजिन असो की मालडबा. भार असा सारखा वाटला की हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल ओढता येतो. १९११ मध्ये गाडी लातूरला पोचली. तेव्हा बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि लातूर निजामाच्या, म्हणजे गाडी घाट चढता चढता राज्यही बदलत होती. पुढे दुसरी शाखा पंढरपूरवरून १९२७ मध्ये मिरजेला गेली. आषाढीला टपावर बसून गेलेले वारकरी आणि कापसाच्या गाठी, दोन्ही तिनेच वाहिले. १९५४ साली सरकारने कंपनी विकत घेतली, पण लोकांच्या तोंडी ‘बार्शी लाईट’च राहिली.

सायकलवाल्याला या इतिहासाशी काय देणंघेणं? बरंच आहे. अरुंद रुळांची गाडी अवघड वळण घेऊ शकते, त्यामुळे ती डोंगर फोडत बसत नाही, डोंगराच्या कडेकडेने जाते. पण चढाला ती कच्ची. म्हणून रेल्वेचा इंजिनिअर चढ लांबवत नेतो, सौम्य करतो. वीस किलो सामान लादलेल्या सायकललाही नेमकं हेच हवं असतं. डांबरी घाटात पहिला गिअर टाकून धापा टाकण्यापेक्षा लांबून, पण सायकलवरून न उतरता जावं.

२००८ पर्यंत कुर्डुवाडी ते लातूर ब्रॉडगेज झालं. नवा मार्ग धाराशिव शहराला जोडण्यासाठी वळवला, आणि पांगरी ते येडशी हा रामलिंगचा जुना तुकडा मागे राहिला. धाराशिवकरांची रेल्वेची मागणी रास्तच होती, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती मागे राहिलेल्या तुकड्याचं कुणी काहीच केलं नाही याची.

(दृश्य: स्पेनमधला डोंगर, बोगद्यातून बाहेर पडणारे सायकलस्वार.)

काय करता येतं, हे बघायला थोडं लांब जाऊ. स्पेनच्या कातालोनियात तेर्रा आल्ता नावाचा डोंगराळ, कोरडा भाग आहे. द्राक्षं, बदाम आणि ऑलिव्ह ही तिथली पिकं. तिथूनही एक रेल्वे जायची, व्हाल दे झाफानची. अनेक दशकं रखडून ती १९४१ मध्ये तोर्तोसाला पोचली आणि एक बोगदा ढासळल्यावर १९७३ मध्ये बंद पडली. १९९३ पासून स्पेनने अशा बंद मार्गांवर ‘हिरव्या वाटा’ करायला घेतल्या. आज त्यांची लांबी तीन हजार किलोमीटरच्या वर आहे. तेर्रा आल्ताची वाट त्यातलीच. मोटारीला मज्जाव, सायकलला दिवा मात्र हवाच, कारण बोगद्यामागून बोगदा येतो. एका बाजूला एल्स पोर्ट्सचं संरक्षित डोंगररान, दुसऱ्या बाजूला द्राक्षमळे. वाटेवरच्या पिनेल दे ब्राई गावात शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीची वाईनरी आहे. प्रसिद्ध वास्तुकार गौडीचा शिष्य सेझार मार्तिनेल याने १९२०च्या आसपास बांधलेली, कमानीच कमानी. तिथले लोक अशा वाईनऱ्यांना ‘वाईनची कॅथीड्रल’ म्हणतात. सहकार म्हटल्यावर ज्यांना फक्त साखर कारखान्याचं गेट आठवतं, अशा आपल्या लोकांनी ती इमारत जरूर बघावी.

(दृश्य: द्राक्षबाग. मांडवाखालची हिरवी सावली.)

आपल्याकडेही द्राक्ष आहेच. धाराशिव, तुळजापूर भागात रस्त्याच्या कडेला शेडनेट आणि शेततळं दिसलं की मागे बाग असणार, असं धरून चालावं. थॉम्पसन, सोनाका, माणिक चमन ही वाणं. सोनाका तर शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजची देण. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि जानेवारीपासून घड उतरायला लागतात. सायकलचा मोसमही नेमका हाच.

बागेत शिरायचं तर बांधावरूनच हाक मारावी. “मामा, बाग बघू का?” “या की. पर त्या सायकली हितंच लावा, ठिबकची नळी हाय आत.” बुंध्यापाशी वाकून बघितलं तर जमिनीपासून थोडं वर एक गाठ दिसते. खाली डॉगरिज, कमी पाण्याला आणि क्षाराला दाद न देणारं रानटी मूळ, आणि त्यावर कलम केलेलं खाण्याचं द्राक्ष. मराठवाड्यातली बाग या गाठीवर उभी आहे. वर बायका पातळ टोकाच्या कात्रीने विरळणी करत असतात. घडातले मणी कापून काढायचे, म्हणजे उरलेले फुगतात. मान वर, हात वर, दिवसभर. त्यात डिसेंबरला आभाळ आलं की मामांचा सूर बदलतो. डाऊनी, भुरी हे बुरशीचे रोग, मण्यांना तडे. फवारणीचा पंप रात्रीसुद्धा चालू.

इथे वाईन मिळेल का, हे सायकलवाले हमखास विचारतात. बहुतेक ठिकाणी नाही. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ साली आलं, पण वाईनचा कारभार नाशिककडे जमला. इथलं द्राक्ष खायला तरी जातं, नाहीतर बेदाण्याला. बेदाण्याची शेड मात्र चुकवू नये. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवतात, त्याने मण्यावरचा मेणाचा पातळ थर फुटतो आणि पाणी लवकर निघून जातं. मग थरावर थर बांधलेल्या जाळ्यांवर पसरायचे. साधारण चार किलो द्राक्षांतून एक किलो बेदाणा निघतो. वजनाला हलका, उन्हात न खराब होणारा, चढावर लगेच जोर देणारा. खिशात ठेवायला याहून चांगलं काही नाही, आणि वाईन पिऊन तसाही घाट चढायचा नसतो.

(दृश्य: तेर. तेरणेचा काठ.)

येडशीहून आतल्या रस्त्यांनी तेरला येता येतं. गोरोबाकाकांचं तेर. दोन हजार वर्षांपूर्वीचं तगर हेच. पहिल्या शतकातला एक ग्रीक व्यापारी ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या ग्रंथात लिहितो, की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं नगर आहे आणि तिथलं कापड गुजरातेतल्या भडोचच्या बंदराला गाड्यांतून येतं. त्याच ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत इटलीची वाईन आहे. इथून कापड जायचं, तिकडून वाईन यायची. वाईन मुलुखाच्या गप्पा हाणणाऱ्यांसमोर तेरकरांनी एवढं सांगितलं तरी पुरे.

सायकलच्या बाबतीत दोन गोष्टी. बाभळीचा काटा महागड्या टायरलाही जुमानत नाही, तेव्हा ट्यूबमध्ये सीलंट भरूनच निघावं. आणि अंधार पडायच्या आत जंगल सोडावं. डिसेंबर २०२४ मध्ये रामलिंगच्या जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून, शेकडो किलोमीटर चालत आलेला. त्यामुळे पांगरी ते येडशी या जुन्या रेल्वेवाटेची स्पेनसारखी सायकलवाट करून तिच्यावर सायकली सोडायच्या तर दिवस ठरवून, संख्या ठरवून, वन खात्याच्या परवानगीनेच. पक्का रस्ता करायची गरज नाही, करूही नये. काँक्रीट आलं की आठवड्याभरात त्यावर मोटारसायकली येतील. दाबलेला मुरूम, मोऱ्यांची डागडुजी, दोन्ही टोकांना मोटार शिरणार नाही असा खांब. बास.

अडचण वेगळीच आहे. पांगरी बार्शी तालुक्यात, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात. येडशी धाराशिवमध्ये. निजाम गेला, इंग्रज गेला, सीमा मात्र तिथेच आहे. एक जिल्हा पुणे महसूल विभागात, दुसरा छत्रपती संभाजीनगरच्या. त्यात रेल्वे आणि वन खातं आलंच. अर्ज कुणाच्या नावाने लिहायचा, इथूनच सुरुवात करावी लागेल.