मफलर : एका धाग्याचं कापड

(दृश्य : पुणे, तुळशीबाग. दुकानं उघडतायत. फळीवर लोकरीचे गुंडे.)

दिवाळी सरते, पहाटे पांघरूण सोडवेनासं होतं, आणि लोकरीच्या दुकानांत वर्दळ सुरू होते. बहुतेकींचे हात सरावलेले असतात. कुणाच्या घरी बाळ येणार आहे, त्याचं टोपडं करायचंय. कुणाला नातवाचा स्वेटर पुरा करायचाय. त्यांच्या मागे संकोचून उभं असतं कुणीतरी नवखं. सुया कधी हातात धरलेल्या नाहीत, पण मफलर विणायचा हे मनात पक्कं आहे.

ही फिल्म त्या नवख्या माणसासाठी आहे.

सुरुवात मफलरने करावी हे अगदी योग्य. त्याला बाही नाही, गळ्याचा आकार नाही, टाके कमी-जास्त करण्याची भानगड नाही. रुंदीत दोन बोटं इकडेतिकडे झाली तरी काही बिघडत नाही.

(दृश्य : गल्ल्यावर ठेवलेली लोकर, शेजारी सुयांच्या जोड्या.)

आधी लोकर घेऊ. दुकानात लोकर म्हणून मिळतं ते बरंचसं ॲक्रिलिक असतं. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. तिची घोंगडी पिढ्यान् पिढ्या धनगरांच्या खांद्यावर आहे आणि तिची ऊब काय वर्णावी, पण मानेला ती टोचते. शिकायला ॲक्रिलिक उत्तम. स्वस्त असतं, घरी धुता येतं, उसवून पुन्हा विणता येतं. मध्यम जाडीची, गुळगुळीत, फिक्या रंगाची लोकर घ्या. काळा, गडद निळा हे रंग कितीही आवडले तरी पहिल्या मफलरला नकोत, केसाळ लोकर तर नकोच नको. त्यात टाकाच दिसत नाही, आणि टाका दिसणं हेच तर शिकायचं आहे. दीडशे ते दोनशे ग्रॅम पुरते. सगळी एकदमच घ्या, आणि पट्टीवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते बघा. नाहीतर मफलर अर्ध्यात रंग बदलतो.

सुयांच्या नंबरात मात्र भलेभले फसतात. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत चालते : नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. अमेरिकन पद्धत बरोबर उलटी. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, अमेरिकन ८ नंबरची ५ मिलिमीटरची. मोबाइलवर अमेरिकन व्हिडिओ बघून दुकानात नुसता नंबर सांगितला की वेगळीच सुई घरी येते. म्हणून मिलिमीटरमध्ये मागा. या लोकरीला ५ मिलिमीटरची सुई, म्हणजे आपल्याकडची ६ नंबर. बांबूची मिळाली तर पहिल्यांदा तीच घ्या. धातूच्या सुईवरून टाके सटकतात, बांबूवर ते धरून राहतात.

(दृश्य : टी-शर्टचं कापड, अगदी जवळून.)

सुया हातात घेण्याआधी अंगातला टी-शर्ट डोळ्यांजवळ धरा. बाहेरच्या बाजूला इंग्रजी ‘व्ही’सारख्या बारीक खुणांच्या उभ्या रांगा दिसतील. आतल्या बाजूला आडवे उंचवटे. पैठणी किंवा सोलापुरी चादर मागावर होते. तिथे उभे धागे ताणलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्यातून फिरतो. इथे तसं नाही. एकच धागा, त्याचा एक फास, त्या फासातून ओढून काढलेला दुसरा फास. फास सरकतात म्हणून हे कापड ताणलं जातं, त्यांच्या पोकळीत हवा अडकते म्हणून ऊब देतं, आणि टोक मोकळं करून ओढलं तर सबंध उसवतं. इजिप्तमध्ये याच पद्धतीने विणलेले, मध्ययुगातले सुती मोजे सापडले आहेत. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचं यंत्र केलं. यंत्राने वेग वाढला, फास तोच राहिला.

(दृश्य : हात. सुईवर टाके घातले जातायत.)

डाव्या सुईवर ३२ टाके घालायचे. सैलसर घाला. नवखा हात भीतीने आवळतो, आणि मग पहिल्याच ओळीत सुई टाक्यात शिरत नाही.

आता सुलट टाका. धागा मागे. उजव्या सुईचं टोक टाक्यात पुढून मागे घालायचं, त्यावर धाग्याचा वेढा द्यायचा, तो वेढा टाक्यातून पुढे ओढून घ्यायचा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यायचा. ही शेवटची सोडण्याची कृती जिवावर येते, पण नवा फास उजव्या सुईवर आलेला असेल तर जुना कुठेही जात नाही. उलट टाक्याला धागा पुढे घ्यायचा आणि सुई मागून पुढे आणायची. तसं पाहिलं तर दोन्ही एकच. सुलट टाका मागून पाहिला की उलट दिसतो.

पहिला मफलर मात्र फक्त सुलट टाक्यांचा करा, दोन्ही बाजूंनी, प्रत्येक ओळ. आडव्या वळ्या उमटत जातात आणि दोन ओळींची एक वळी होते, म्हणून ओळी मोजणंही सोपं. एक ओळ सुलट, एक उलट अशी वीण दिसायला देखणी असते खरी, पण तिचे काठ वळतात, आणि हौसेने विणलेला मफलर नळी होऊन बसतो.

(दृश्य : वीतभर विणलेला मफलर. एक बाजू तिरकी झालेली.)

वीतभर विणून झालं की टाके मोजावेत. ३२ चे ३५ झालेले असतात. कुठून आले हे तीन? बहुधा काठावरून. ओळ संपवून काम फिरवलं, आणि धागा मागे नेताना तो सुईवरून वर गेला. त्याने पहिला टाका ओढला जातो, त्याचे दोन्ही पाय सुईवर दिसतात आणि नवखा त्याला दोन टाके समजून दोनदा विणतो. उपाय सोपा आहे : ओळ सुरू करण्याआधी धागा सुईखाली ओढून घ्या आणि पहिल्या टाक्याकडे नीट बघा. एकाच फासातून सुई गेली आहे ना?

दुसरी धास्ती सुटलेल्या टाक्याची. टाका सुईवरून निसटला की खाली उसवत जातो आणि मागे आडव्या धाग्यांची शिडी उरते. घाबरून सगळं उसवू नका. क्रोशाची सुई घ्या, तळाचा मोकळा फास तिच्यात पकडा, त्यातून वरचा पहिला आडवा धागा ओढा, मग त्याच्या वरचा. या विणीत एक धागा पुढून आणि एक मागून घ्यावा लागतो, म्हणजे वळ्या जुळतात. वर पोचलात की टाका परत सुईवर. हे एकदा जमलं की सुयांची भीती कायमची जाते. मला विचाराल तर पहिल्या आठवड्यात मुद्दाम एक टाका सोडून तो उचलून बघावाच.

आणि उसवावं लागलं तर खुशाल उसवा. कापलेलं कापड पुन्हा ठाण होत नाही; ही लोकर गुंडाळली की पुन्हा तयार.

दीड मीटरच्या पुढे जायला साधारण साडेपाचशे ओळी लागतात. ३२ टाक्यांनी गुणलं तर १७,६०० वेळा तीच कृती. पहिल्या काही शेकड्यांत ओठ दाबलेले असतात, खांदे वर चढलेले असतात. मग कधीतरी शेजारच्याशी बोलता बोलता ओळ संपते. सुरुवातीची वीण घट्ट आणि शेवटची मोकळी, हा फरक मफलरभर दिसतो. दिसू दे.

(दृश्य : शेवटची ओळ.)

टाके बंद करताना दोन सुलट विणायचे, पहिला दुसऱ्यावरून उचलून टाकायचा, मग पुढचा एक विणायचा. हात सैल ठेवा, नाहीतर हे टोक आवळून अरुंद होतं. शेवटच्या फासातून धागा ओढून घ्या आणि उरलेली शेपटी मोठ्या नाकाच्या सुईने वळ्यांमधून फिरवून लपवा. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका, वीण कायमची मरते.

लोकर उरली असेल तर त्याच ३२ टाक्यांवर दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी घालून पाहा. धागा दर दोन टाक्यांनी सुयांच्या मधून पुढे-मागे न्यायचा. काम फिरवल्यावर कुठला टाका कुठला, हे लिहून ठेवायची गरज नाही. ‘व्ही’ दिसला तर सुलट, उंचवटा दिसला तर उलट.