एक घर कमी पडलं

नमस्कार मंडळी. आज बुद्धिबळाच्या स्पर्धेतला एक डाव सांगणारे, पण आनंद किंवा आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचा नाही हं, आमच्यासारख्या १४००-१५०० रेटिंगवाल्यांचा. सोंगट्या कशा चालतात ते तुम्हाला माहितीये, फक्त एक लक्षात ठेवा. राजाला शह नाही, पण खेळायला चालही नाही, तर स्टेलमेट, म्हणजे डाव बरोबरीत. परत सांगतो, शह नाही, चालही नाही, अर्धा अर्धा गुण.

तर सांगली, मे महिना, पंखे नुसते आवाजाला. बुद्धिबळासाठी झटलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांचं गाव हे, इथे चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा तुमची चूक दाखवतो. माझ्यासमोर एक सत्तरीचे काका, शेजारी थर्मास. चौदाव्या चालीला त्यांचा घोडा फुकट गेला, मग एकेक करत सगळंच गेलं, आणि शेवटी काकांचा नुसता राजा एच-८ च्या कोपऱ्यात (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी), माझा राजा एफ-६ वर, वजीर ई-७ वर. मनात म्हटलं आता तरी डाव सोडा की, पण काका निवांत चहा ओततायत. (पोरांना डाव सोडायला शिकवणारे कोच मला बिलकुल आवडत नाहीत, पण त्या दिवशी मी त्यांच्याच बाजूचा होतो.)

आता ऐका. वजीर दोन घरं सरकवून जी-७ वर ठेवला की मात, त्याला माझ्या राजाचा जोर आहे. दोन घरं! पण मला वाटलं काकांचा राजा जी-८ वर पळेल, आधी ते घर बंद करू, म्हणून वजीर एकच घर सरकवला, एफ-७ वर, आणि वर घड्याळ असं दाबलं की शेजारच्या बोर्डवरचे दोघं दचकले.

काकांनी आधी कप खाली ठेवला. चष्मा पुसला. मग बोट दाखवत एकेक घर मोजलं, जी-८ नाही, जी-७ नाही, एच-७ नाही, आणि शह? शहही नाही. मी फॉर्मवर अर्धा लिहिताना हात थरथरत होता.

काका म्हणाले, "आमच्या लहानपणी एकटा राजा उरला की बुर्जी म्हणायचे, म्हणजे पूर्ण हार नाही, मी तर तेवढ्यावरच समाधानी होतो." आणि थर्मासच्या झाकणात मला चहा दिला. साखर जरा जास्तच होती.