मी सांगते ते ऐका

(खानदेशातील एका शालेय लेखन शिबिराच्या समारोपात केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, आणि आईबाबांनी हाताला धरून आणून बसवलेली पुढच्या रांगेतली मुलंमुली,

लिहिल्याने आत्मविश्वास वाढतो, हे वाक्य सगळ्यांना इतक्या चटकन पटतं, की मला त्याची धास्तीच वाटते. वाढतो म्हणजे नेमका कुठे वाढतो? कोणी दाखवेल का? एका लेखात मात्र तो वाढताना अक्षरशः दिसतो. आज मी मुख्यतः त्याच लेखाबद्दल बोलणार आहे.

साल 1855. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली मुलगी शिकत होती. वय साधारण चौदा, म्हणजे आजच्या हिशोबाने आठवी-नववीतली. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने तो 15 फेब्रुवारी आणि 1 मार्चच्या अंकांत छापला.

निबंधाची सुरुवात पाहा. स्वतःला ती दीनदुबळी म्हणवते, देवाचं नाव घेते आणि आपल्या शक्तीप्रमाणे लिहिते आहे असं सांगते. अर्ज लिहिताना माणूस जसा आधी वाकतो, तसा सूर. पण थोडं पुढे गेलं की ही मुलगी थेट वाद घालायला लागते. वेद ही ब्राह्मणांचीच मत्ता, इतरांनी ते पाहायचेही नाहीत, असं असेल तर आम्हाला धर्मग्रंथच नाही; आणि ग्रंथ नाही तर आमचा धर्म कोणता? हे ती देवालाच विचारते! मग पंडितांकडे वळते. तुमच्या पोकळ ज्ञानाचं गाठोडं बाजूला ठेवा आणि मी सांगते ते ऐका, असं त्यांना बजावते.

दीनदुबळीपासून इथपर्यंतचा प्रवास एकाच निबंधात झाला आहे. घरून धीर घेऊन ती लिहायला बसली असं मला वाटत नाही. एकेक मुद्दा कागदावर उतरत गेला, पुढचा मुद्दा त्याच्या खांद्यावर उभा राहिला आणि तिचा आवाज चढत गेला. आपण मुलांना उलटं सांगतो: आधी धीट हो, मग लिही.

आणखी एक. तिच्या निबंधात 'मी' कमी आणि 'आम्ही' जास्त आहे. पेशवाईत तालीमखान्यासमोरून गेलेल्या मांग-महाराचं मस्तक गुलटेकडीच्या मैदानात चेंडूसारखं उडवत, असं ती लिहिते. पेशवाई बुडून तेव्हा 37 वर्षं झाली होती. हे तिच्या कानावर थोरांच्या तोंडून आलेलं असणार. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-पाऊस-वाऱ्यात त्यांचं काय होत असेल, स्वतःच्या अनुभवावरून विचार करा, असं ती वाचणाऱ्याला सांगते. मी कोण, हे तिला स्वतःत डोकावून सापडलेलं नाही. आपल्या माणसांचं काय झालं ते मांडता मांडता ते उभं राहिलं. हल्ली 'स्वतःला शोधा' असं पोरांना फार सांगतात. चौदाव्या वर्षी आत शोधायला असं कितीसं साठलेलं असतं?

तिचं दुसरं काही लेखन आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. त्यामुळे 'आणि मग ती मोठी लेखिका झाली' हा शेवट या गोष्टीला नाही. मला तो नकोही आहे.

मोठा कवी झालेल्या मुलाची गोष्ट तर तुमच्या शेजारचीच. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात सतरा-एक वर्षांच्या या मुलाने कविता म्हटली, अध्यक्ष डॉ. कीर्तिकर खूश झाले आणि त्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली. कौतुक खरं होतं, त्याने बळही आलं असेल. पण 1918 मध्ये भादलीला रेल्वेखाली त्यांचा अंत झाला तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते आणि 'बालकवी'च होते. आजही आहेत. मोठ्यांनी दिलेली ओळख अशी चिकटते. मुक्ताला कोणी पदवी दिली नाही, आणि मला तर वाटतं ते बरंच झालं.

आता आपल्या वर्गात येऊ. 'माझी आई' म्हटलं की पंचवीस वह्यांत एकच आई निघते: पहाटे उठणारी, कष्टाळू, मायेची. ही गाइडमधली आई. मी मुलांना एवढंच विचारते, तुझी आई शेवटची कधी चिडली आणि तेव्हा काय म्हणाली? मग वहीत 'काय करी राहिनी तू?' असं अहिराणी येतं, आणि मूल भीत भीत विचारतं, मॅडम, असं लिहिलं तर चालेल? चालेल. बोर्डाच्या पेपरात काय चालतं ते वेगळं, तो व्यवहार आहे, तो शिकून घ्यावा. पण या वहीत चालेल.

पालकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. मुलाने वाचायला दिलं तर आधी ऱ्हस्व-दीर्घ काढू नका. मजकुराबद्दल एखादा खरा प्रश्न विचारा, 'मग पुढे काय झालं?' एवढाही पुरतो. आणि त्याला न विचारता त्या पानाचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. मावशीचे चार अंगठे येतात आणि पोरगं पुढचं पान मावशीसाठी लिहायला लागतं.

मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी विचारलं, याने मार्क वाढतील का? काका, निबंधाचे कदाचित वाढणारही नाहीत. पाठ केलेला निबंध तपासायला सोपा जातो. पण तुमची मुलगी तुमच्याशी वाद घालताना मुद्देसूद बोलायला लागेल, त्याची तयारी ठेवा.